तिकिटं फाडणाऱ्या कप्तानाला परत बोलवा : सेगा कंपनीला खुलं पत्र

प्रति,
‘साकुरा तायसेन’ या व्हिडिओ गेमचे हक्क सांभाळणारी सेगा कंपनीतली मंडळी,
ओसाकी, शिनागावा, तोक्यो

स. न. वि. वि.

हे पत्र मला जपानीत लिहिता आलं असतं. गेली अठरा वर्षं त्या भाषेवरच माझं पोट आहे; पंप, व्हॉल्व्ह आणि कन्व्हेयर बेल्टच्या मॅन्युअल्सची भाषांतरं करते. पण जपानीत पत्र लिहायला बसलं की हात आपोआप तुमच्या त्या अतिनम्र कचेरीच्या भाषेत जातो, आणि तक्रार राहते बाजूला, ‘आपणांस तसदी देत आहे, क्षमस्व’ एवढंच कागदावर उरतं. भांडायचं तर मराठीतच भांडावं. तुम्ही नाही वाचलंत तरी पुण्यात, नाशकात, न्यू जर्सीत बसून ‘पर्सोना’ खेळणारी आमची पोरं वाचतील. मैत्री वाढवली की लढाईत बळ येतं ही युक्ती २००६ साली ‘पर्सोना ३’नं काढली असं त्यांना वाटतं. ती त्याच्या दहा वर्षं आधीची आहे आणि तुमच्याच घरातली आहे, हे निदान त्यांना कळेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ‘साकुरा तायसेन’चा पहिला खेळ २७ सप्टेंबर १९९६ रोजी सेगा सॅटर्न या तुमच्या कन्सोलवर आला. कल्पना ओजी हिरोई यांची, संवाद सातोरू आकाहोरींचे, पात्रांची चित्रं कोसुके फुजिशिमांची, संगीत कोहेई तानाकांचं. काळ १९२३ सालचा, पण सगळं वाफेवर चालणारं तोक्यो. इचिरो ओगामी नावाचा नौदलातला कोवळा अधिकारी नव्या नेमणुकीवर येतो. आपल्याला गुप्त पलटणीचं कप्तानपद मिळणार म्हणून छाती फुगलेली. पत्ता निघतो गिंझामधल्या नाटकगृहाचा. आत पाऊल टाकतो तर बायकांची नाटकमंडळी, दारूची बाटली जवळ घेऊन बसलेला व्यवस्थापक, आणि याच्या हातात काम कुठलं, तर दारात उभं राहून प्रेक्षकांची तिकिटं फाडायचं.

डोअरकीपर! पलटणीचा कप्तान आणि डोअरकीपर!

इथे मी पहिल्यांदा हसले, आणि इथेच मला हा खेळ आवडला. कारण नाटकमंडळी हीच ती पलटण असते. राक्षस आले की भोंगा वाजतो आणि नट्या रंग पुसून वाफेच्या चिलखतात शिरतात. ‘कोबू’ म्हणतात त्या यंत्रांना. दिसायला पोट सुटलेल्या बंबासारखी. लढाई संपली की पुन्हा तालीम. तुमच्या भाषेत ‘कागेकिदान’ म्हणजे संगीत नाटकमंडळी, आणि ‘का’ला फुलाचं आणि ‘गेकि’ला हल्ल्याचं अक्षर लावलं की त्याच उच्चाराची फुलांची पलटण होते. सगळा खेळ या एका श्लेषावर उभा आहे. गडकरी-कोल्हटकरांच्या कोट्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण इंग्रजीत हा श्लेष कुणी आणून दाखवावा, माझ्यातर्फे जेवण.

आणि तो ठिपका! ‘ताइशो’ हा तुमच्याकडचा खरा काळ, १९१२ ते १९२६. खेळात त्या नावाच्या पहिल्या अक्षरात एक ठिपका जास्त टाकलाय. ‘मोठा’चं अक्षर तेवढ्यानं ‘जाड’चं होतं, उच्चार तोच राहतो, आणि इतिहासाची जबाबदारी अंगावरून झटकली जाते. पहिल्यांदा मला ते छापण्यातली चूक वाटली होती. आठ महिने दुभाषी म्हणून कावासाकीत होते, तिथल्या साहेबांना अगदी ऐटीत दाखवलं, की बघा, तुमच्या लोकांनाही शुद्धलेखन जमत नाही. साहेब नुसते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळी कथा सांगितली आणि शेवटी म्हणाले, तोक्योतल्या अकिहाबारात जा, जुना सॅटर्न मिळेल. मिळाला. खेळाच्या दोन सीडी, सोबत उत्तरं सांगणारं गाइडही मिळालं.

माझं म्हणणं काय आहे ते इथेच सांगून टाकते, नाहीतर मी अशीच वाहवत जाईन. या खेळात लाडीगोडी आणि लढाई अशी दोन खाती नाहीत. खातं एकच आहे. एकाच वहीत दोन्ही नोंदी पडतात. तुम्ही मात्र गेली वीस वर्षं ही वही टराटरा फाडून वेगवेगळी विकायला निघाला आहात.

ही एकच वही म्हणजे काय, ते उदाहरणानंच कळेल.

संवादात तुमच्यापुढे दोन-तीन पर्याय येतात आणि बाजूला वेळ ओसरत जाते. ‘लिप्स’ असं नाव दिलंत तुम्ही त्या पद्धतीला. बाकीच्या डेटिंगच्या खेळांत चहा पीत विचार करता येतो, इथे नाही. माणूस समोर उभा आहे आणि तुमच्या तोंडाकडे बघतो आहे, तर किती वेळ बघेल? वेळ संपली की न बोलणं हेच तुमचं उत्तर धरलं जातं. आता माझी अवस्था बघा. माझं जपानी तेव्हा पंपांपुरतं. ‘गळती आढळल्यास झडप त्वरित बंद करावी’ हे वाचायला मला अर्धा सेकंद पुरायचा, पण एका रुसलेल्या मुलीला काय म्हणावं याचे तीन पर्याय वाचेपर्यंत पट्टी रिकामी व्हायची. परिणामी माझा ओगामी मुखदुर्बळ निघाला. पलटणीतली सुमिरे टोमणे मारतेय, हा गप्प. साकुरा डोळ्यांत पाणी आणून उभी, हा गप्प. मागून हिरमुसल्यासारखा तो बुळबुळीत आवाज यायचा, म्हणजे मर्जी उतरली. आणि मग एकदा, कुणीतरी आपलं दुःख सांगत होतं, मी अजून दुसरा पर्यायच वाचत होते, वेळ संपली, आणि चक्क किणकिण वाजली. मर्जी चढली! तिला कुणी काही बोलायलाच नको होतं. मी गाइड मिटून ठेवलं ते तेव्हापासून.

हे झालं नाटकगृहातलं. आता रणांगण. चौकटींच्या पटावर पाळीपाळीनं चालायची लढाई, बुद्धिबळाच्या जवळची. पुढे सरा, वार करा, दम घ्या, बचाव करा. पण मघाशी जिचं मन मोडलंत ती आता पटावर उभी आहे, आणि तिच्या वारात जोर नाही, चिलखतात दम नाही. जिच्याशी नीट वागलात तिची कोबू दुप्पट जोमानं चालते. आकडेवारीत हे दिसतंच, पण कप्तानाला एक वेगळी आज्ञा आहे, ‘काबाऊ’. पाठीशी घालणं. एखादीवर वार येणार असेल तर आधीच तिची निवड करायची. वार आला की ओगामी मध्ये पडतो. एका लढाईत हे मोजक्याच वेळा करता येतं. आणि वार अडवला की, होय, तीच किणकिण. तिची मर्जी चढते.

आता हा हिशेब बघा. सहा जणी आहेत, वार अडवायचे हात मोजके. सगळ्यांत कमकुवत जी आहे तिला वाचवू, की जिच्यावर माझा जीव जडलाय तिला? सेनापती म्हणून उत्तर एक येतं, माणूस म्हणून दुसरं. आणि कप्तान स्वतः पडला की खेळ खलास. डेटिंगच्या खेळांवर लोक हसतात, म्हणतात फुलं द्या, गोड बोला, आकडा वाढवा. इथे आकडा वाढवायला अंगावर वार घ्यावा लागतो, आणि तो आकडा पुढच्या लढाईत तुमचाच जीव वाचवतो.

मारियाचं प्रकरण मी कितीदा खेळले असेन देव जाणे. मारिया ताचिबाना, अर्धी रशियन, नाटकात पुरुषाची कामं करणारी, बोलणं मोजकं. लढाईच्या ऐन मध्यावर एक लहान मूल सापडतं आणि ओगामी आज्ञा सोडून त्याला वाचवायला धावतो. कुठल्याही दुसऱ्या खेळात इथे टाळ्या पडल्या असत्या. मारिया मात्र परतल्यावर सगळ्यांसमोर सांगते, की तुम्ही कप्तान व्हायच्या लायकीचे नाही. मला तिचा असा संताप आला! मूल वाचवलं बाई, आणखी काय हवं? मग हळूहळू उलगडतं, की रशियातल्या धुमाळीत तिच्या डोळ्यांदेखत तिचा कप्तान गेला, आणि त्या क्षणी तिच्या हातून गोळी सुटली नव्हती. ती मुलावर रागावलेली नव्हती. आपला कप्तान दुसऱ्यांदा मरेल याला ती भ्यायली होती. आणि हे कळल्यावर पुढच्या लढाईत ‘काबाऊ’चं बटण दाबताना बोट अडतं. कारण तुम्ही तिला वाचवायला मध्ये पडणं हेच तर तिचं जुनं दुःख आहे. किणकिण वाजते, पण माझ्या पोटात कालवतं. जे संवादातून सांगायचं ते लढाईच्या एका आज्ञेतून सांगितलंय तुमच्या लोकांनी. तेही १९९६ साली. एवढं करून तुम्ही ते कपाटात कुलूप लावून ठेवलंत.

कपाटाचंही ऐका. सॅटर्न पुण्याला आणला तो शंभर व्होल्टचा. आमच्याकडे भिंतीतून दोनशे तीस येतात. लावला असता सरळ तर वाफेचं यंत्र खरंच झालं असतं. तापकीर गल्लीतून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, विटेएवढा, चालू केला की गुणगुणतो. आई म्हणायची, तुझ्या गेमपेक्षा तो डबाच जास्त बोलतो. दोन वर्षं सगळं सुरळीत. एका रविवारी चालू केला तर पडद्यावर चौकोन : भाषा निवडा, तारीख लावा, वेळ लावा. सॅटर्न वापरणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा चौकोन आहे तो. आतली स्मरणशक्ती मनगटी घड्याळाच्या नात्यातल्या एका सेलवर जगते, सी आर २०३२. सेल मेला की आठवणी गेल्या. मी दुसऱ्या सीडीवर होते. मारिया मला नुकती आपलं मानायला लागली होती. आता तिनं मला पाहिलेलंच नव्हतं.

घड्याळवाल्याकडे सेल पन्नास रुपयांच्या आत मिळाला. बाकीचं नाही मिळालं.

तुम्ही म्हणाल, हा काय आमचा दोष? नाही. पण १९९६चा पहिला खेळ आज एखाद्याला रीतसर, पैसे मोजून, आपल्याला कळेल अशा भाषेत खेळायचा म्हटला तर वाट कुठली आहे? जपानच्या आत तुम्ही तो तुमच्याच ड्रीमकास्ट कन्सोलवर आणलात, प्लेस्टेशन २ वर नव्यानं रंगवलात, २००६ साली पहिला-दुसरा मिळून पीएसपीवरही दिलात. जपानबाहेरच्या माणसासाठी? दुसरा खेळ १९९८चा, पॅरिसमधला तिसरा २००१चा, चौथा २००२चा. यांतल्या एकाचंही तुम्ही इंग्रजी केलं नाहीत. न्यूयॉर्कमधला पाचवा जपानात २००५ साली आला, आणि अमेरिकेत इंग्रजीत पोचला २०१० साली, तोही दुसऱ्या एका कंपनीच्या हातून. म्हणजे पाहुण्याला थेट पाचव्या अंकाला आणून बसवलं, आणि मग ‘बाहेर फारसा प्रतिसाद नाही’ म्हणून मान हलवली. आमच्या संगीत नाटकात उशिरा येणाऱ्या प्रेक्षकालासुद्धा नांदी नाही तरी दुसरा अंक मिळायचा हो.

शेवटी ते काम चाहत्यांनी केलं. डिसेंबर २०१९मध्ये पहिल्या खेळाचं इंग्रजी भाषांतर काही हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून पुरं केलं आणि फुकट दिलं. भाषांतर हा माझा धंदा आहे, म्हणून सांगते : नुसते संवाद उतरवणं ही सोपी बाजू. सॅटर्नच्या जुन्या फायलींत अक्षरं बसवणं, वेळ धरून चालणाऱ्या संवादांत इंग्रजीची लांबी सांभाळणं, हे कुणी पगार देऊनही सुखानं करत नाही. ज्या खेळासाठी अनोळखी लोक असं राबतात त्याला गिऱ्हाईक नाही, हे मला पटवून सांगा पाहू.

आता २०१९च्या नव्या खेळाकडे वळते. जपानात डिसेंबर २०१९, आमच्याकडे इंग्रजीतला २८ एप्रिल २०२०. लॉकडाउन होतं. भावाच्या प्लेस्टेशनवर, बाहेर रस्ता चिडीचूप असताना, तानाकांच्या त्या सलामीच्या गाण्याचा नवा साज कानावर पडला आणि मी रडले, हे कबूल करते. नाटकगृह त्रिमितीत उभं केलंत, जिन्यावरून खाली उतरता येतं, तिकीट फाडायच्या जागेवर जाऊन उभं राहता येतं. ताइतो कुबोंनी काढलेली पात्रं देखणी आहेत. नाटकमंडळी कर्जात, प्रेक्षक पाठ फिरवून बसलेले, मुली बिनपगारी असल्यासारख्या धडपडताहेत. हे सुरुवातीचं सगळं मला फार आवडलं. मराठी नाटकवाल्यांना तर ते घरचंच वाटेल.

मग लढाई सुरू झाली.

पट गेला. पाळ्या गेल्या. उड्या मारत पळायचं, कळपानं येणाऱ्या राक्षसांना एकच बटण बडवत उडवत जायचं. विश्वासाचा हिशेब आत कुठेतरी चालतो, मला माहीत आहे; संवादात नीट वागलं की वाराला जोर येतो असं पडद्यावर दिसतंही. पण जिथे दोनशे राक्षस पाच मिनिटांत भुईसपाट होताहेत तिथे कुणाच्या मनात काय सलतंय हे बोटांना कळणार कसं? कुणाला वाचवायचं हा प्रश्नच उरला नाही. कुणी मरायला टेकलेलंच नसतं. मी एकदा मुद्दाम एका मुलीशी तुसड्यासारखी वागले, बघू तरी लढाईत काय होतं म्हणून. काही झालं नाही. राक्षस तसेच उडाले.

‘आजकालच्या पोरांना पाळीपाळीची लढाई नको असते’ असं तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हटलं असणार. कुणाच्या घरातली पोरं ही? ‘पर्सोना’ पाळीपाळीनंच लढतो, आणि तो काढणारी ॲटलस कंपनी २०१३पासून तुमच्याच छताखाली आहे. ‘पर्सोना ४ गोल्डन’ जून २०२०मध्ये पीसीवर आणलात, ‘पर्सोना ३’ नव्यानं बांधून फेब्रुवारी २०२४मध्ये दिलात, माझ्या भाच्यानं तो इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या तोंडावर संपवला आणि एक विषय राहिला. ‘याकुझा’ तर हाणामारीचा होता, तो तुम्ही उलट पाळीपाळीचा केलात आणि लोकांनी डोक्यावर घेतला. मग मैत्रीचं बळ ‘पर्सोना ३’च्या दहा वर्षं आधी ज्यानं पटावर आणलं त्याच्याच हातातला पट का काढून घेतलात?

२०२०च्या डिसेंबरात आलेल्या मोबाइलच्या ‘साकुरा’बद्दल मी फार बोलत नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. १५ डिसेंबरला सुरू झाला, पुढच्या ३० जूनला दुकान बंद. तिथे वही पुरतीच फाटली होती. सोडत काढा, नशिबात असेल ती मुलगी येईल. जी लॉटरीत लागली तिला पाठीशी घालायचं म्हणजे काय करायचं?

आता तुमच्या जुन्या खेळाचीही उणी बाजू सांगते, नाहीतर म्हणाल बाई आंधळी भक्त आहे. पहिल्या खेळाची लढाई संथ आहे, सरावलेल्या माणसाला सोपीही आहे. खलनायक नाटकी हसतात आणि लाटेसारखे येऊन जातात, त्यांच्यापेक्षा नाटकगृहाच्या हिशेबखात्यातल्या मुली जास्त लक्षात राहतात. आयरिस हे जेमतेम दहा वर्षांचं पोर आहे. तिला नायिकांच्या यादीत बसवणं तेव्हाही चूक होतं आणि आज तर खपवून घेऊच नये. पलटणीतलं धाकटं लेकरू म्हणून ती गोड आहे, तेवढंच ठेवा. पुन्हा आणाल तेव्हा हे दुरुस्त करा, मूळ खेळाला हात लावू नये म्हणणारी मीसुद्धा ब्र काढणार नाही.

आणि तो ठिपका. त्याचं कौतुक केलं, पण एक सलही आहे. १ सप्टेंबर १९२३ला खऱ्या तोक्योत महाभूकंप झाला, आणि त्यानंतर अफवांच्या भरात त्याच शहरात हजारो कोरियन माणसं मारली गेली. खेळातल्या १९२३मध्ये राक्षस येतात, चेरीची झाडं बहरतात, चिनी कोरान आणि ओकिनावाची कान्ना साम्राज्याच्या झेंड्याखाली हसत लढतात. कोबूपेक्षा हा ठिपका जास्त वजन उचलतो. म्हणून खेळ टाकून द्या असं मी म्हणत नाही, मला तो प्रिय आहे. पण नवा कुणी लिहायला बसेल त्यानं हे ध्यानात ठेवावं. मारियाच्या भूतकाळात शिरायचं धाडस ज्यांनी केलं त्यांना शहराच्या भूतकाळात शिरणं अगदीच अशक्य नसावं.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. तुमच्या फुलांच्या पलटणीमागे ताकाराझुकाची मंडळी आहे, बायकांनी पुरुषांची कामं करणारी. ती उभी राहिली १९१३ साली. त्याच १९१३ साली आमच्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि तिथे बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे तर बायका त्यांच्याकडून पदर कसा घ्यावा ते शिकायच्या. तुमच्याकडे मारिया पुरुष होते, आमच्याकडे नारायणराव बाई होतात. म्हणून मला वाटतं, हा खेळ मराठी माणसाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळेल. पडद्यामागे भांडण, पडद्यापुढे प्रेम. तालमीत साकुराच्या धांदरटपणामुळे मोडतोड, सुमिरेचा तोरा, व्यवस्थापकाची उधारी. तुमच्या लोकांनी तर पुढे १९९७पासून, ज्यांनी खेळात आवाज दिले त्याच अभिनेत्रींना खऱ्या रंगमंचावर उभं केलं, त्याच पात्रांच्या वेशात, वर्षानुवर्षं. जगात असं किती खेळांचं झालंय?

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘पुढील भागात’ म्हणून झलक दाखवायचात तुम्ही, दूरदर्शनच्या मालिकांसारखी. मध्ये थांबून नाव-चित्राची पाटी यायची, सेव्ह करायला उसंत मिळायची. आम्ही रविवारी सकाळी टीव्हीपुढे बसून वाढलेली माणसं. पुढील भागात काय होणार ते न सांगता मालिका बंद करणं आम्हाला सहन होत नाही.

तर मागणी अशी. पहिले चार खेळ पीसीवर आणि चालू कन्सोलवर आणा. आवाज मूळचेच ठेवा, खाली इंग्रजी लेखी द्या. मराठी मागत नाही, तेवढी भोळी मी नाही. संवादाची वेळ कमी-जास्त करायची सोय ठेवा, कारण ज्यांची ती भाषा नाही, ज्यांचे डोळे मंद आहेत, ज्यांचे हात थरथरतात, त्यांनाही बोलायचं असतं; पण वेळ पुरती काढून मात्र टाकू नका. चित्रं चकचकीत करायच्या नादाला लागू नका. आणि उद्या सातवा-आठवा जो काही कराल त्यात मला पट परत द्या, ‘काबाऊ’ परत द्या, आणि मोजकेच वार अडवता येतील असं करा.

भाषांतर तपासायला माणूस लागला तर शनिवार-रविवार मी मोकळी असते. पंपांच्या मॅन्युअलला जो दर घेते त्याच्या निम्म्यात करीन. त्या श्लेषाचं इंग्रजी मला अजून सुचलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
गप्प बसणाऱ्या ओगामीची एक खेळाडू
पुणे

ता. क. : हे पत्र पुरं करून काल रात्री सॅटर्न लावला, तर त्यानं पुन्हा भाषा आणि तारीख विचारली. या खेपेला मी कान्नाच्या प्रकरणापर्यंत आले होते. सेल आणायला आज संध्याकाळी जातेय. दोन आणणार आहे.